प्रायमरीतला उमेदवार खरोखर शर्यतीत आहे का, हे कसे ओळखावे?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत अध्यक्षपदाच्या प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाला, एकेका पक्षाकडून वीस-वीस जण उभे राहतात. वादसभेच्या मंचावर सगळे सारखेच दिसतात. मग यातला खरा दावेदार कोण आणि नाव करून घ्यायला उतरलेला कोण, हे मतदान सुरू होण्याआधी बाहेरच्या माणसाला ओळखता येईल का?

ओळखता येते, आणि त्यासाठी कुणाच्या आतल्या गोटात ओळखी लागत नाहीत. लागणारे बहुतेक कागद उघड असतात. गडबड होते ती बघण्याच्या क्रमात. लोक आधी जनमत चाचणी बघतात, मग वादसभेतले एखादे गाजलेले वाक्य, मग जमलेला पैसा. राज्याराज्यांचे नियम आणि मुदती बघायची वेळ येतच नाही. हा क्रम उलटा करा. भाषण कुणालाही करता येते. ठरल्या तारखेच्या आत, ठरल्या मतदारसंघांतून, छाननीत टिकतील अशा सह्या आणून देणे ज्याला जमते त्याच्यामागे माणसे आहेत एवढे नक्की.

आधी जिंकायचे काय असते ते पक्के डोक्यात ठेवा. आपल्याकडे पक्षाने एबी फॉर्म हातात दिला की उमेदवारीचा विषय संपतो. तिथे उमेदवारी डेलिगेटांच्या, म्हणजे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात मत देणाऱ्या प्रतिनिधींच्या, मतांनी ठरते, आणि डेलिगेट राज्याराज्यांतल्या प्रायमरी आणि कॉकसमधून (पक्षाच्या स्थानिक सभांमधून) मिळवावे लागतात. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे २,४२९ डेलिगेट होते, बहुमताला १,२१५ लागत होते. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात (मतदानाच्या निकालाला) बांधील डेलिगेट ३,९७९ आणि बहुमत १,९९१. तेव्हा ‘हा लोकप्रिय आहे का?’ या प्रश्नाच्या आधी ‘याचे डेलिगेट कुठल्या राज्यांतून येणार?’ हा प्रश्न येतो.

दोन पक्षांचे वाटपाचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे चाचणीतल्या त्याच आकड्याचा अर्थ दोन्हीकडे वेगळा होतो. डेमोक्रॅटिक पक्षात १५ टक्क्यांची चाळण आहे. राज्यभरात किंवा एखाद्या काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद) मतदारसंघात १५ टक्के ओलांडले तरच तिथले डेलिगेट मिळतात, आणि तेही मतांच्या प्रमाणात. देशभर सरसकट १२ टक्के असलेल्या उमेदवाराच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही. चार राज्यांत २५ आणि बाकी सगळीकडे ५ असलेल्याला निदान काहीतरी मिळते. रिपब्लिकन पक्षात मार्चच्या मध्यापर्यंत राज्यांनी काही ना काही प्रमाणात वाटप करायचे असते, पण त्यातही अटी घालता येतात. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाचा नियम असा होता की निम्म्याहून जास्त मते मिळवणाऱ्याला सगळेच्या सगळे १६९ डेलिगेट. म्हणजे रिपब्लिकन शर्यतीत कायम ३० टक्क्यांचा दुसरा क्रमांक टिकवूनही हाती भोपळा येऊ शकतो. डेमोक्रॅटिक शर्यतीत तोच दुसरा क्रमांक अधिवेशनापर्यंत टिकून राहतो.

हे गणित किती बारीक असते ते एका उदाहरणावरून पाहा. डेमोक्रॅटिक नियमांनुसार एखाद्या मतदारसंघात ४ डेलिगेट असतील आणि लढत दोघांतच असेल, तर ६२ टक्के मते मिळवूनही वाटणी २-२ होते. ३-१ करायला ६२.५ टक्के लागतात. ५ डेलिगेट असतील तर ५१ टक्क्यांतही ३-२ होते. म्हणून जाणकार प्रचारयंत्रणा विषम संख्येच्या मतदारसंघांत पैसा ओतते आणि सम संख्येच्या मतदारसंघांत राखून खर्च करते. २००८ मध्ये ओबामांच्या माणसांनी हे फार काटेकोरपणे केले. सुपर ट्यूजडेला, म्हणजे अनेक राज्यांत एकदम मतदान होते त्या मंगळवारी, न्यू जर्सीसारखे मोठे राज्य हिलरी क्लिंटन यांनी ५९ विरुद्ध ४८ डेलिगेट असे जिंकले, म्हणजे ११ ची आघाडी. त्याच दिवशी इडाहोच्या छोट्या कॉकसमध्ये ओबामांना १५ आणि क्लिंटन यांना ३ मिळाले, म्हणजे १२ ची आघाडी. बातम्यांत न्यू जर्सी गाजले, हिशेबात इडाहो भरले. ज्याच्या यंत्रणेत हा हिशेब मांडणारा माणूसच नाही, तो उमेदवार कितीही चांगला बोलत असला तरी त्याला दावेदार म्हणायला मी तयार नाही.

आता मतपत्रिका. फेडरल इलेक्शन कमिशनकडे, म्हणजे एफईसीकडे, नोंदणी करण्यात काही विशेष नाही. ५,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम जमवली किंवा खर्च केली की नोंदणी करावीच लागते, आणि दर निवडणुकीला हजाराच्या घरात लोक अध्यक्षपदासाठी हा अर्ज भरतात. न्यू हॅम्पशायरच्या मतपत्रिकेवर नाव असणे हीदेखील खूण नाही. तिथे १,००० डॉलर आणि एक प्रतिज्ञापत्र दिले की झाले, म्हणून तिथल्या यादीत नावांची गर्दी असते. खरी परीक्षा व्हर्जिनिया आणि इंडियाना यांच्यासारख्या राज्यांत होते. इंडियानात ४,५०० सह्या लागतात, त्याही नऊ काँग्रेस मतदारसंघांतून प्रत्येकी किमान ५००. व्हर्जिनियात २०१२ च्या वेळी १०,००० सह्या लागत, त्यात अकरा मतदारसंघांतून प्रत्येकी ४०० हव्याच. निकाल काय लागला? मतपत्रिकेवर फक्त मिट रॉम्नी आणि रॉन पॉल. न्यूट गिंग्रिच आणि रिक पेरी दोघेही बाद. गिंग्रिच स्वतः व्हर्जिनियात राहत होते आणि तेव्हा चाचण्यांत जोरात होते.

सह्या का बाद होतात हे समजले की यंत्रणेची किंमत कळते. सही करणारा त्या राज्याचा नोंदणीकृत मतदारच नसतो, घर बदलल्यावर त्याने पत्ता बदललेला नसतो, एका मतदारसंघाच्या कागदावर दुसऱ्या मतदारसंघाचा माणूस सही करून जातो, किंवा सह्या गोळा करणाऱ्याने कागदाच्या तळाशी द्यायची साक्ष अर्धवट राहते. मॉलच्या दारात उभे राहून जमवलेल्या सह्यांत यातले सगळे दोष सापडतात. म्हणून कसलेले लोक गरजेच्या दीडपट-दुप्पट सह्या जमवतात, मतदारयादीशी ताडून बघतात आणि मगच दाखल करतात. घाईने शेवटच्या आठवड्यात पैसे देऊन गोळा केलेला गठ्ठा छाननीत निम्मा होऊन परत येतो.

मुदतींकडेही लक्ष ठेवा. सुपर ट्यूजडे मार्चमध्ये असला तरी त्यातल्या कित्येक राज्यांचे अर्ज आदल्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच बंद होतात. २०२३ मध्ये डीन फिलिप्स यांनी बायडन यांच्याविरुद्ध २७ ऑक्टोबरला उमेदवारी जाहीर केली, तेव्हा नेवाडाची मुदत उलटूनही गेली होती. उशिरा येणाऱ्या ‘तारणहारा’ची चर्चा दर वेळी होते, कॅलेंडर उघडून किती राज्ये आधीच हातातून गेली आहेत ते मोजले की त्या चर्चेत किती दम आहे ते लगेच कळते.

मतपत्रिकेवर नाव आले तरी काम संपत नाही, कारण काही राज्यांत डेलिगेट होऊ इच्छिणाऱ्या माणसांची यादीही उमेदवारानेच द्यायची असते. २०१२ मध्ये रिक सँटोरम ओहायोत रॉम्नींच्या अगदी जवळ पोहोचले, पण तीन मतदारसंघांत त्यांच्या डेलिगेटांची यादीच दाखल झालेली नव्हती. तिथे मते मिळूनही ती वाया जाणार होती. २०१६ मध्ये कोलोरॅडोत निवड पक्षाच्या स्थानिक सभांतून झाली. टेड क्रूझ यांची माणसे प्रत्येक सभेत तयारीने बसली होती आणि निवडून दिले जाणारे सगळे ३४ डेलिगेट त्यांनी नेले. आघाडीवरच्या ट्रम्प यांना तिथे काहीच मिळाले नाही.

पैशाच्या बाबतीत ‘इतके कोटी जमवले’ ही बातमी सर्वांत कमी उपयोगाची. एफईसीच्या संकेतस्थळावर उमेदवाराचा फॉर्म ३पी उघडा. निवडणुकीच्या आदल्या वर्षी बहुतेकांचे अहवाल तिमाही असतात: १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि शेवटचा ३१ जानेवारी. सुरुवातीच्या सारांशात ओळ १० मध्ये हातातली शिल्लक असते आणि ओळ १२ मध्ये देणे. या दोन्ही एकत्र वाचायच्या. ४० लाख शिल्लक आणि ३५ लाख देणे असेल तर हातात ५ लाखच आहेत. मग तिमाहीचा खर्च भागिले तिमाहीची जमा करा. पहिल्या तिमाहीत हे प्रमाण ४०-५० टक्के असेल तर ठीक. निवडणुकीच्या आदल्या उन्हाळ्यातच १०० च्या वर गेले असेल तर माणसे लवकर भरली, पगार मोठे दिले, आणि आता देणगीदार आटत चालले आहेत असे समजा. २०१५ मध्ये स्कॉट वॉकर आयोवात आघाडीवर होते. १३ जुलैला उतरले आणि २१ सप्टेंबरला बाहेर पडले. फौजफाटा आघाडीवरच्या उमेदवाराचा होता, चाचण्या घसरल्या आणि तो पोसायला पैसा उरला नाही.

शिल्लक वाचताना आणखी एक सापळा आहे. २०२३-२४ मध्ये एका माणसाला एका निवडणुकीसाठी ३,३०० डॉलर देता येत, आणि प्रायमरी व सार्वत्रिक निवडणूक या दोन वेगळ्या मोजल्या जातात. त्यामुळे श्रीमंत देणगीदार एकदम ६,६०० देतो. त्यातले दुसरे ३,३०० प्रायमरीत वापरताच येत नाहीत, पण शिल्लकेत दिसतात. २०२३ च्या ऑक्टोबर अहवालात रॉन डीसँटिस यांच्याकडे सुमारे १ कोटी २३ लाख डॉलर दिसत होते. प्रायमरीत वापरता येण्याजोगे होते ५० लाखांच्या आसपास. म्हणून ओळ १७ मध्ये किती रक्कम २०० डॉलरपर्यंतच्या लहान देणग्यांतून आली ते बघा. शंभर डॉलर देणाऱ्याकडे पुढच्या महिन्यात परत जाता येते. मर्यादा गाठलेल्याकडे जाता येत नाही.

सुपर पॅक, म्हणजे उमेदवारापासून वेगळी राहून त्याच्या बाजूने खर्च करणारी समिती, हा दुसरा भ्रम. तिथे देणगीला मर्यादा नाही, पण तो पैसा उमेदवाराचा नसतो. त्यातून उमेदवाराच्या कार्यालयाचे पगार देता येत नाहीत, आणि टीव्ही जाहिरातीला प्रायमरीच्या आधीच्या ४५ दिवसांत उमेदवाराला जो सर्वांत स्वस्त दर कायद्याने मिळतो तो सुपर पॅकला मिळत नाही. एकाच सेकंदासाठी ते कितीतरी जास्त मोजतात. जेब बुश यांच्या बाजूच्या सुपर पॅकने २०१५ च्या मध्यापर्यंत १० कोटी डॉलरहून जास्त जमवले होते. बुश यांना डेलिगेट मिळाले ४.

स्वतःच्या खिशातून खर्च करणाऱ्यांचे काय? पैशाने नाव ओळखीचे होते आणि सुरुवातीच्या चाचण्यांत त्याचा परिणाम दिसतोही. पण ज्याने पाच डॉलरसुद्धा दिलेले नाहीत तो मतदार त्या उमेदवारात गुंतलेला नसतो. मायकल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये १०० कोटी डॉलरहून अधिक खर्चले. सुपर ट्यूजडेला जिंकले फक्त अमेरिकन सामोआ. टॉम स्टायर २५ कोटींहून जास्त घालून शून्य डेलिगेटांवर थांबले. १९८० मध्ये जॉन कॉनली यांना १ कोटी १० लाखांत एक डेलिगेट मिळाला होता. आपल्या माहितीतले उदाहरण अध्यक्षपदाचे नाही, पण चाल तीच आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत स्वतःचे १ कोटी डॉलर घालून उतरले, जाहिरातींच्या जोरावर सुरुवातीच्या काही चाचण्यांत पुढे दिसले, आणि शेवटी सुमारे १८ टक्क्यांवर तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून ते काँग्रेसवर गेले, ते लहान रिंगणात आणि आधी राज्याच्या विधानसभेत काम करून. (अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी एक आवश्यक सूचना: एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर उमेदवाराला एक डॉलरही देऊ नका, कायद्याने बंदी आहे. ग्रीन कार्ड असेल तर देता येते.)

चाचण्या आता बघा, आणि त्याही चाळून. ४०० जणांच्या चाचणीत चूक सुमारे ५ टक्के इकडे-तिकडे असते, त्यामुळे ३ वरून ५ वर गेल्याची बातमी ही बातमीच नाही. उमेदवार वादसभेला पात्र ठरला यावरूनही फार ठरवू नका. २०२३ च्या पहिल्या रिपब्लिकन वादसभेला ४०,००० वेगवेगळे देणगीदार आणि ठरावीक चाचण्यांत १ टक्का लागत होता. डग बर्गम यांनी १ डॉलर देणाऱ्याला २० डॉलरचे गिफ्ट कार्ड देऊ करून देणगीदारांची अट पूर्ण केली.

सर्वांत उपयोगी आकडा बातमीत नसतो, तो स्वतः काढावा लागतो: ओळखणाऱ्यांपैकी किती जण पसंत करतात? एका उमेदवाराला ९६ टक्के लोक ओळखतात आणि २४ टक्के निवडतात. दुसऱ्याला ४० टक्के ओळखतात आणि १० टक्के निवडतात. दोघांचेही प्रमाण चारातला एक. पहिल्याची वाढ संपलेली आहे, दुसऱ्याला अजून निम्म्याहून अधिक मतदारांपर्यंत पोहोचायचे आहे. रुडी जुलियानी २००७ भर राष्ट्रीय चाचण्यांत पुढे होते, ते ओळखीच्या बळावर. त्यांनी सुरुवातीची राज्ये सोडून फ्लोरिडावर सगळे लावले. २९ जानेवारी २००८ ला तिथे तिसरे आले आणि एकही डेलिगेट न घेता बाहेर पडले. राष्ट्रीय चाचणी एका न होणाऱ्या निवडणुकीचा अंदाज देते. आयोवा, न्यू हॅम्पशायर, साउथ कॅरोलायना इथल्या चाचण्या वेगवेगळ्या ठेवून वाचा.

चाचणीच्या आतले तक्तेही उघडा. डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या बाबतीत कृष्णवर्णीय मतदारांचा रकाना आधी. पीट बुटिजेज यांनी २०२० मध्ये आयोवात सर्वाधिक डेलिगेट घेतले, पण त्या रकान्यात ते तळाला होते. साउथ कॅरोलायनात पक्षाच्या मतदारांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय, तिथे ते ८ टक्क्यांवर चौथे आले. बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे होते, सगळ्यांनी त्यांना मोडीत काढले होते. पण तोच रकाना त्यांच्या बाजूने होता. २६ फेब्रुवारीला तिथले कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांचा पाठिंबा, २९ ला साउथ कॅरोलायनात जवळजवळ ४९ टक्के, आणि ३ मार्चला १४ पैकी १० राज्ये.

पाठिंब्यांचे वजन परिस्थितीवर ठरते. मतदार दोन-तीन नावांत घुटमळत असतील तर विश्वासातल्या माणसाचा शब्द पारडे फिरवतो, क्लायबर्न यांच्या बाबतीत तेच झाले. मतदारांचे आधीच ठरलेले असेल तर काही होत नाही. २०२३-२४ मध्ये आयोवाच्या गव्हर्नर किम रेनॉल्ड्स डीसँटिस यांच्याबरोबर होत्या, ते सर्व ९९ काउंट्या फिरले होते, सुपर पॅकची माणसे दारोदार गेली होती. ट्रम्प ५१, डीसँटिस २१. मी पाठिंब्यांच्या यादीत एकच गोष्ट आधी शोधतो: त्याच्या स्वतःच्या राज्यातले लोक त्याच्याबरोबर आहेत का? ज्यांनी त्याला रोज काम करताना पाहिले ते गप्प असतील तर कारण शोधा.

एखादा धक्कादायक निकाल आला म्हणून नवा दावेदार तयार झाला असे धरू नका. २०१२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत टेक्ससच्या तुरुंगातल्या एका कैद्याला ओबामांविरुद्ध ४१ टक्के मते पडली. २०२४ मध्ये अमेरिकन सामोआत जेसन पामर यांनी बायडन यांना ५१ विरुद्ध ४० मतांनी हरवले. टक्के नव्हे, मते. पहिली नाराजीची मते होती, दुसरी ९१ माणसांच्या खोलीतली.

या कसोट्यांना न जुमानणारेही झाले आहेत. १९७६ मध्ये जिमी कार्टर जवळजवळ अनोळखी होते; पण आयोवात ते महिनोन्महिने राबले आणि ‘कुणालाही नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या ३७ टक्क्यांखाली २८ टक्के घेऊन उमेदवारांत पहिले आले. २००७ च्या उन्हाळ्यात जॉन मॅकेन यांचा पैसा संपत आला आणि वरचे सहकारी निघून गेले. त्यांनी खर्च कापून सगळा जोर न्यू हॅम्पशायरवर लावला, जिथे २००० मध्ये ते जिंकले होते, आणि पुन्हा जिंकले. २०१६ मध्ये ट्रम्प यांना काँग्रेसमधला पहिला पाठिंबा मिळाला तोपर्यंत ते तीन राज्ये जिंकून बसले होते. मात्र २०१५ च्या जुलैपासून चाचण्यांतली त्यांची आघाडी जवळपास अखंड होती. नेत्यांनी नाकारले असले तरी मतदारांचा आकडा त्यांच्याकडे होता. या तिघांकडेही एकेक गोष्ट पक्की होती. एकही गोष्ट पक्की नसताना ‘पूर्वी असे झाले आहे’ म्हणणे, हा निव्वळ आशावाद आहे.

डिसेंबर-जानेवारीत मात्र एफईसीचे कागद मागे पडतात, कारण ३१ डिसेंबरपर्यंतचा हिशेब ३१ जानेवारीला येतो आणि २०२४ मध्ये तोवर आयोवा आणि न्यू हॅम्पशायर दोन्ही उरकले होते. त्या काळात एफसीसीच्या (फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या) संकेतस्थळावर टीव्ही केंद्रांच्या राजकीय जाहिरातींच्या फाइली उघडा. कुठल्या केंद्रावर, कुठल्या आठवड्यात, किती रकमेची वेळ राखली आहे ते तिथे लिहिलेले असते. आयोवातल्या डे मॉइनच्या केंद्रांवर फेब्रुवारी अखेरपर्यंतचा काहीच व्यवहार नसला तर हरकत नाही, पण साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन आणि कोलंबियाच्या केंद्रांवर तरी असायला हवा. तिथे आधी राखलेली वेळ रद्द झाल्याची नोंद दिसली, तर उमेदवार व्यासपीठावरून ‘शेवटपर्यंत लढणार’ म्हणत असतानाच त्याच्या कार्यालयात आवराआवर सुरू झालेली असते.